स्मरणिकेतली रोमन पानं: जुन्या वळणाचा सेरिफ फॉन्ट कसा निवडावा, कसा लावावा

आमच्या गावच्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच, की बैठकीला लॅपटॉप घेऊन आलेला मी एकटाच होतो. फोंडा तालुक्यातलं वाचनालय, तेव्हा मजकूर मराठी हे ओघानंच आलं. पण गोव्यात स्मरणिका नुसती मराठी कधी राहत नाही. शुभसंदेश इंग्रजीत येतात, मुंबईला आणि आखातात गेलेले जुने सभासद आठवणी इंग्रजीत पाठवतात, एखादे निवृत्त मास्तर रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत लिहितात आणि देणगीदारांच्या यादीत निम्मी आडनावं पोर्तुगीज वळणाची असतात. एकशे बारा पानांतली तीसेक पानं रोमन लिपीची निघाली.

मराठीसाठी डीटीपीवाल्याचा ठरलेला फॉन्ट होता. रोमनसाठी मी यादीतला सगळ्यांत खानदानी दिसणारा फॉन्ट उचलला, बोडोनी. पडद्यावर काय देखणा दिसत होता! छापून आला तेव्हा अक्षरांतल्या बारीक रेघा कागदानं गिळून टाकलेल्या. छोट्या 'ई'ची आडवी रेघ गेली की तिचा 'सी' होतो. अध्यक्षांच्या आडनावात दोन 'ई' होते. पुढचं सांगत नाही.

त्यानंतर चार स्मरणिका, दोन नाट्यमहोत्सवांच्या पुस्तिका आणि एक कोनशिला इतकं काम हातून गेलं. तेवढ्यात जे कळलं ते क्रमानं लिहितो आहे. मी चित्रकार नाही, मुद्रकही नाही, हिशेब लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे इथे सांगितलेलं कुणालाही जमेल.

हाताशी काय हवं

- युनिकोडमधला अंतिम मजकूर. अंतिम म्हणजे ज्यावर समितीतल्या निदान दोघांनी सही केली आहे असा.
- रोमन लिपीतल्या प्रत्येक नावाचं स्पेलिंग, ज्याचं नाव त्याच्याच हातचं लिहून घेतलेलं.
- ज्या कागदावर छपाई होणार त्याच कागदाची दहा-बारा कोरी पानं. प्रेसवाले मागितली तर देतात.
- दहा पट दाखवणारं भिंग आणि स्टीलची पट्टी.
- फॉन्टच्या फाइली आणि त्यांच्यासोबत आलेली परवान्याची फाइल.
- जुळणीसाठी इनडिझाइन, नसेल तर स्क्रायबसची नवी आवृत्ती. चाळीस पानांच्या आत काम असेल तर लिबरऑफिसही पुरतं.

१. मजकूर भाषेप्रमाणे वेगळा काढा

फॉन्टकडे वळण्याआधी हे काम संपवा. सगळा मजकूर एका फाइलीत ओतून वेगवेगळे रंग द्या: इंग्रजीला काळा, रोमी कोंकणीला हिरवा, पोर्तुगीज नावांना निळा. मराठी मजकुरात मध्येच आलेला एखादा इंग्रजी शब्दही सोडू नका. फॉन्टला कुठे कुठे परीक्षा द्यावी लागणार आहे ते या रंगांवरून दिसतं.

इथला सापळा जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांचा. त्यात दिसतं मराठी अक्षर, पण संगणकाच्या पोटात तो इंग्रजी अक्षराचाच कोड असतो. असा मजकूर निवडून वर रोमन फॉन्ट लावला की मराठीची कचकच होते. उलटही होतं. आमच्या एका अंकात वाचनालयाचा ईमेल पत्ता जुन्या मराठी फॉन्टात राहून गेला आणि मागच्या मुखपृष्ठावर 'संपर्क'च्या पुढे कोणत्याच भाषेत नसलेला एक जोडाक्षरांचा ढीग छापून आला. तपासायचं कसं? मजकुराचा तुकडा कॉपी करून फोनवर स्वतःलाच पाठवा. फोनवर मराठी मराठीच दिसलं तर युनिकोड आहे. नाही दिसलं तर आधी रूपांतर, मग पुढचं सगळं.

२. सेरिफ डोळ्यांनी ओळखायला शिका

रोमन अक्षराच्या रेघा जिथे संपतात तिथे जे छोटे पाय किंवा टोकं असतात, ती म्हणजे सेरिफ. व्याख्या एवढीच. पण त्या पायांत किती प्रकार असतात हे पडद्यावर कळत नाही. मला ते जुन्या गोव्यात कळलं.

एखाद्या सकाळी सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जा आणि वर सोनेरी वेदीकडे बघायचं सोडून खाली बघा. जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेले आहेत, वर घराण्यांची चिन्हं आणि खाली मोठ्या रोमन अक्षरांत मजकूर. भाषा कळली नाही तरी चालेल. तिरपा उजेड पडलेला एक दगड निवडा आणि एकच अक्षर बघा, उदाहरणार्थ 'आय'. सरळ उभी रेघ, पण वरच्या आणि खालच्या टोकाला ती किंचित रुंदावते, उंबऱ्याशी भिंत पसरावी तशी. पाय वेगळा चिकटवल्यासारखा वाटत नाही, तो दांड्यातूनच वळून बाहेर येतो. दांडा आणि पाय यांच्यातलं हे वळण, हा कोपऱ्यातला गोलावा, जुन्या सेरिफची पहिली खूण. आता 'ओ' बघा. तो सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो, बाजूंना जाड आणि वर-खाली बारीक असतो. जागा कमी पडली तिथे दोन अक्षरं एकमेकांत अडकवलेलीही सापडतील. दगडांना हात लावू नका, कागद ठेवून पेन्सिल तर अजिबात घासू नका. संरक्षित वास्तू आहे, आणि फोटो पुरतो.

या अक्षरांचं मूळ रोमन शिलालेखांत आहे. रोममधल्या ट्राजन स्तंभाच्या पायथ्याचा इसवी सन ११३ चा लेख आजही मोठ्या अक्षरांचा वस्तुपाठ मानला जातो. ही टोकं छिन्नीमुळे आली असं पूर्वी धरून चालत. एडवर्ड कॅटिच या अमेरिकन पाद्र्यानं असं मांडलं की अक्षरं आधी चपट्या कुंचल्यानं दगडावर रंगवली जात आणि टोकं त्या कुंचल्याच्या फिरण्यातून आली. साइनबोर्ड रंगवणाऱ्याचा हात ज्यानं जवळून पाहिला आहे त्याला हे लगेच पटेल.

छोटी अक्षरं दगडावरून आलेली नाहीत, ती बोरूनं लिहिलेल्या पोथ्यांतून आली. निकोलस जेन्सननं १४७० मध्ये व्हेनिसला जे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पाडले त्यात ही दोन कुळं एका घरात नांदायला लागली. आणि गोव्याचं म्हणाल तर छापखाना इथे १५५६ सालीच उतरला, भारतातला पहिला. म्हणजे रोमन खिळ्यांशी आपला परिचय पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी जुना आहे. स्मरणिकेच्या बैठकीत हे एकदा सांगून ठेवा, फॉन्टवर वेळ का घालवताय असं मग कुणी विचारत नाही.

कागदावरचे खिळे बघायचे असतील तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा. मूळ संस्था १८३२ ची. पोर्तुगीज काळातली छापील पानं समोर घेऊन भिंग लावलं की शाई अक्षराच्या कडेला कशी किंचित फुगते ते दिसतं. त्या फुगण्याचा हिशेब जुने कारागीर खिळा कोरतानाच करायचे. आजचे बरेच फॉन्ट तो करत नाहीत. हे लक्षात ठेवा, नवव्या पायरीला लागेल.

३. तीन घराणी, त्यांतली दोन तुमच्या कामाची

पहिलं गॅरामाँडचं. क्लोद गॅरामाँ हा सोळाव्या शतकातला पॅरिसचा कारागीर. त्याच्या वळणात बोरूचा तिरपेपणा शिल्लक आहे: 'ओ'चा बारीक भाग बरोबर मधोमध न येता जरा कलून येतो, जाड-बारीक यांत फरक बेताचा, छोटी अक्षरं खरोखरच छोटी आणि वरचे दांडे उंच. लांबलचक आठवणी, लेख, व्यक्तिचित्रं यांना हेच लावा.

इथे नावाचा एक घोळ आहे. गॅरामाँड नावाचे निदान अर्धा डझन फॉन्ट मिळतात आणि सगळे एका बापाचे नाहीत. त्यातले काही झाँ झानाँ नावाच्या, पुढच्या शतकात काम केलेल्या मुद्रकाच्या अक्षरांवरून केलेले आहेत. ही चूक १९२६ मध्ये बिआट्रिस वॉर्ड या बाईंनी उघडकीला आणली, तीही पुरुषाच्या टोपणनावानं लेख लिहून. तुमच्यापुरता अर्थ इतकाच, की एकाच्या संगणकावरचं गॅरामाँड आणि दुसऱ्याच्या संगणकावरचं गॅरामाँड यांत ओळी वेगळ्या तुटतात. फाइलीसोबत फॉन्टही पाठवायचा तो याचसाठी.

दुसरं घराणं इंग्लंडचं, कॅस्लन आणि बास्करव्हिल. अठराव्या शतकातलं. विल्यम कॅस्लनची अक्षरं जरा ओबडधोबड आणि प्रेमळ. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये याच अक्षरांत छापला गेला. जॉन बास्करव्हिलची अक्षरं जास्त ताठ, 'ओ' जवळजवळ सरळ उभा, जाड-बारीक फरक अधिक. मानपत्र, निमंत्रणपत्रिका, शुभसंदेश इथे बास्करव्हिल शोभतो.

तिसरं बोडोनी आणि दिदो. जाड रेघ खूप जाड, बारीक रेघ केसाएवढी, पाय एकदम सपाट आणि कोपऱ्यातला गोलावा गायब. मुखपृष्ठावर चाळीस पॉइंटात लावा, हवं तितकं मिरवा. आतल्या पानांत नको. का, ते वर सांगून झालं आहे.

आणि टाइम्स न्यू रोमन? वाईट फॉन्ट नाही. लंडनच्या 'द टाइम्स' वृत्तपत्रासाठी १९३२ मध्ये तयार झाला, अरुंद रकान्यात जास्त शब्द मावावेत म्हणून अंग चोरून उभा राहतो. रुंद पानावर लावला की रिकाम्या बसमध्येही माणसं दाटीवाटीनं उभी असावीत तसं दिसतं. शिवाय तो पाहिला की वाचणाऱ्याला सरकारी परिपत्रक आठवतं.

४. फॉन्ट मिळवा, परवाना वाचा

पैसे खर्चायची गरज नाही. ईबी गॅरामाँड, लिब्रे बास्करव्हिल, लिब्रे कॅस्लन हे तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत आणि गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. छापा, पीडीएफमध्ये घाला, पुस्तक विका, सगळं चालतं. ईबी गॅरामाँड १५९२ च्या एका नमुनापत्रावरून गिऑर्ग डुफनर यांनी सुरू केला आणि त्यात खऱ्या गॅरामाँचं वळण आहे. कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेले महागडे फॉन्ट मात्र घेऊ नका. संस्थेच्या नावानं छापतो आहोत आपण.

५. कसोटीचं एक पान बनवा

बहुतेक जण ही पायरी गाळतात. फॉन्टच्या यादीत बघून निवड करू नका. तुमच्याच मजकुरातून एक पान करा, त्यात मुद्दाम अवघड गोष्टी घाला आणि तीन फॉन्टांत, खऱ्या आकारात, खऱ्या कागदावर छापा. त्या पानात हे हवंच:

- नागमोडी रेघ असलेला 'ए' आणि 'ओ', आणि शेपटीवाला 'सी'. जुवांव, कोन्सेसांव ही नावं पोर्तुगीज स्पेलिंगात यांच्याशिवाय लिहिता येत नाहीत. रेघ गाळून छापलेलं नाव म्हणजे आपल्या नावातला अनुस्वार कुणी खाल्ल्यासारखं.
- रोमी कोंकणीच्या काही लेखनपद्धतींत नागमोडी रेघ 'ई', 'आय' आणि 'यू' यांवरही येते. पुष्कळ फॉन्टांत ही अक्षरं नसतात. मग सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या फॉन्टातलं अक्षर आणून बसवतं आणि शब्दात एकच अक्षर पाहुणं दिसतं. युक्ती सांगतो: फॉन्टच्या माहितीत व्हिएतनामी भाषा चालते असं लिहिलं असेल तर ही सगळी अक्षरं त्यात असतात. हा योगायोग नाही. व्हिएतनामी भाषेची रोमन लिपी सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इतर जेझुइट मिशनऱ्यांनीच घडवली, नागमोडी रेघ तिकडेही त्यांच्याच सामानातून गेली. ईबी गॅरामाँड या कसोटीला उतरतो.
- डिसोझा, डिसिल्वा यांतलं वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह. ते वळलेलं हवं, सरळ खिळ्यासारखं नको.
- रुपयाचं चिन्ह. ते २०१० मध्ये आलं, त्याआधीच्या फॉन्टांत नसतं. देणगीदारांच्या यादीत त्याच्या जागी रिकामा चौकोन छापून येतो.
- 'ऑफिस' शब्दाच्या स्पेलिंगमधले दोन 'एफ' आणि पुढचा 'आय'. चांगल्या फॉन्टात ते तिघे जोडाक्षरासारखे एकमेकांना धरून बसतात, वाईटात 'एफ'चं डोकं 'आय'च्या टिंबावर आपटतं.
- 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. ते चिकटून 'एम' वाटत असतील तर आकार वाढवा किंवा फॉन्ट बदला.
- एखादा फोन नंबर आणि एखादं साल.

छापलेलं पान हातभर अंतरावर धरून वाचा. मग घरातल्या साठीच्या पुढच्या कुणाला तरी चष्म्यासकट वाचायला द्या. माझ्या आईला इंग्रजी फारसं वाचता येत नाही, पण "ह्या पानावर डोळे फिरतात आणि त्या पानावर अडतात" असं ती बरोबर सांगते. तिनं बास्करव्हिल बाद करून गॅरामाँड ठेवला होता.

६. देवनागरीच्या शेजारी बसवून बघा

एका ओळीत दोन लिप्या बसवायची डोकेदुखी आपल्याकडे चारशे वर्षांची आहे. गोव्यात आलेले इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात वरिष्ठांना लिहिलं होतं की इथल्या भाषेची पुस्तकं इथल्याच लिपीत छापावीत अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे, पण अडचण साच्यांची आहे. युरोपात चोवीस अक्षरांत भागतं, इथे सहाशे लागतील. साचे काही झाले नाहीत. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, ओव्या मराठी आणि खिळे रोमन. आपल्याकडे आता दोन्ही आहेत, फक्त त्यांची गाठ घालायची आहे.

लोक इथे वळण जुळवायला जातात आणि फसतात. रोमन बोरू आणि देवनागरी बोरू यांचे काप उलट्या दिशेचे असतात. रोमनमध्ये वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारी तिरपी रेघ जाड होते, देवनागरीत तिच्या विरुद्ध तिरपी. त्यामुळे वळण मिळणारच नाही, तो नाद सोडा. जुळवायची ती काळोखी. डोळे अर्धवट मिटून पानाकडे बघा. मराठी परिच्छेद आणि इंग्रजी परिच्छेद सारखेच राखाडी दिसले पाहिजेत. आपल्या शिरोरेषेमुळे मराठी मजकूर मुळातच गडद दिसतो. शेजारी हलकं गॅरामाँड साध्या वजनात फिकं पडत असेल तर त्याचं एक पायरी जाड वजन घ्या. ईबी गॅरामाँडमध्ये साधा आणि ठळक यांच्या मधलं, मीडियम वजन आहे, मी बहुतेक तेच वापरतो.

मग उंची. 'क' घ्या, शेजारी छोटा 'एक्स' आणि मोठा 'एच' ठेवा. शिरोरेषा या दोघांच्या मध्ये कुठेतरी यायला हवी. 'एच'च्या वर गेली तर मराठी ओरडते, 'एक्स'च्या खाली गेली तर ती दबते. दोन्हींचा पॉइंट-आकार एकच ठेवायचा असा नियम कुठेही नाही. माझ्या एका अंकात मराठी १२ आणि गॅरामाँड ११.५ होतं, दुसऱ्यात बास्करव्हिल १० वर आणावं लागलं, कारण लिब्रे बास्करव्हिलची छोटी अक्षरं अंगानं मोठी आहेत.

सगळी जुळवाजुळव टाळायची असेल तर ज्या फॉन्टात दोन्ही लिप्या एकत्र आखल्या आहेत तो घ्या. टिरो देवनागरी मराठी हा त्यातला मला सगळ्यांत आवडलेला: 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आणि सोबत पारंपरिक सेरिफ. फक्त त्यात ठळक वजन नाही, शीर्षकांसाठी दुसरी सोय बघावी लागते. एक्झार आणि मार्टेल यांत दोन्ही लिप्या आणि भरपूर वजनं आहेत.

सॉफ्टवेअरमध्ये हे कसं करायचं? लिबरऑफिसमध्ये अक्षरांच्या खिडकीत पाश्चात्त्य मजकुरासाठी एक आणि संयुक्त लिप्यांसाठी एक असे दोन वेगळे फॉन्ट आणि दोन वेगळे आकार ठरवता येतात. वर्डमध्येही तसेच दोन रकाने असतात. एकदा स्टाइलमध्ये भरून ठेवा, मग टाइप करताना लिपी बदलली की फॉन्ट आपोआप बदलतो. इनडिझाइनमध्ये मराठीसाठी आधी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर चालू करा, नाहीतर 'कि' ऐवजी वेलांटी आणि अक्षर सुटे सुटे पडतात. मग ग्रेप स्टाइलनं, म्हणजे ठरावीक अक्षरं आपोआप शोधणाऱ्या सोयीनं, रोमन अक्षरांना वेगळी कॅरेक्टर स्टाइल लावा. पहिल्यांदा अर्धा तास जातो, नंतर शे-दीडशे पानांची मेहनत वाचते.

७. जुळणी करताना

ओळीत साधारण साठ ते सत्तर रोमन अक्षरं मावतील इतकीच रुंदी ठेवा. ए-फोर पानावर एकच रकाना केला तर ओळ इतकी लांब होते की परत येताना डोळा चुकीच्या ओळीवर उतरतो. तिथे दोन रकाने करा. इंग्रजीला ११ वर १४ पॉइंटांचं अंतर पुरतं, मराठीला मात्रा-उकारांमुळे १२ वर १७-१८ लागतं. मराठी परिच्छेदात इंग्रजी शब्द आला तर अंतर मराठीचंच चालवायचं.

दोन्ही कडा सरळ हव्या असतील तर इंग्रजीत शब्द तोडण्याची सोय चालू ठेवा आणि त्या परिच्छेदाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदवा. रोमी कोंकणीला ती सोय बंद, कारण सॉफ्टवेअर कोंकणी शब्द इंग्रजी समजून भलतीकडेच तोडतं. तिथे उजवी कड मोकळी सोडलेली बरी.

आकड्यांकडे बघा. जुन्या वळणाच्या फॉन्टांत दोन प्रकारचे आकडे असतात: एक मोठ्या अक्षरांच्या उंचीचे, दुसरे छोट्या अक्षरांसारखे वर-खाली लोंबणारे. चालू मजकुरातल्या सालांना लोंबणारे शोभतात, हिशेबाच्या तक्त्यात मात्र सारख्या उंचीचे आणि सारख्या रुंदीचे घ्या. ताळेबंदात लोंबणारे आकडे वापरून मी आमच्या खजिनदारांचा एक अख्खा रविवार खराब केला आहे.

रोमन तिरपं अक्षर, इटॅलिक, हे स्वतंत्र आखलेलं वळण आहे, १५०१ मध्ये व्हेनिसला आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यात ते पहिल्यांदा पुस्तकभर वापरलं गेलं. इंग्रजीत नाटकाचं नाव त्यात लावा. देवनागरीला तसंच तिरपं ढकलू नका. शिरोरेषा असलेलं अक्षर तिरपं केलं की घसरणाऱ्या कौलासारखं दिसतं. मराठीत नावाला अवतरणचिन्हं पुरतात. आणि फॉन्टमध्ये ठळक किंवा इटॅलिक नसताना सॉफ्टवेअर जे खोटं बनवून देतं ते घेऊ नका.

८. कुठे लावू नये

महामार्गावरच्या बॅनरवर नको. जाहिरातीत काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या छोट्या अक्षरांत नको, शाई चहूबाजूंनी आत सरकते आणि पाय बुजतात. फोटोखालच्या सात पॉइंटच्या ओळींना साधं, बिनपायांचं अक्षर बरं. स्मरणिका पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार असेल तर गॅरामाँडऐवजी जॉर्जियाचा विचार करा. मॅथ्यू कार्टर यांनी तो पडद्यासाठीच आखला, ढंग जुनाच पण अंग धडधाकट.

कोनशिलेचं वेगळं. गुळगुळीत ग्रॅनाइटवर मोठ्या रोमन अक्षरांचं सेरिफ छान उतरतं, फक्त अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडा आणि बारीक रेघ किती बारीक चालेल ते कोरणाऱ्याला आधी विचारा. जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर कोरायचा विचार मनातही आणू नका, त्याला भोकंच इतकी असतात की सेरिफ कुठलं आणि दगडाचं छिद्र कुठलं ते कळत नाही.

९. प्रेसला फाइल देताना

सेरिफच्या पायांना सगळ्यांत मोठा धोका इथे असतो. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत जायला हवा. वर्डमधून काढलेल्या पीडीएफमध्ये पुष्कळदा काळा रंग चार शायांचा बनतो, आणि चार प्लेटा केसाएवढ्या जरी सरकल्या तरी प्रत्येक पायाला तांबूस-निळसर किनार येते. जाड अक्षरात ते खपून जातं, गॅरामाँडच्या टोकांवर नाही. प्रेसवाल्याला "टेक्स्ट सिंगल ब्लॅक आहे ना, बघा" एवढं विचारा.

कागद मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकचकीत, असेल तर शाई पसरते, फिकी अक्षरं थोडी भरतात. हलक्या गॅरामाँडला हे चांगलंच मानवतं. चकचकीत आर्ट पेपरवर उलट, अक्षर अगदी जसंच्या तसं, बारीकच्या बारीक उतरतं आणि वर ट्यूबलाइट चमकते. जून ते सप्टेंबरात छपाई असेल तर कागद दमट हवा पितो आणि तावाचं माप बदलतं. चवथीच्या तोंडावर प्रकाशन ठेवणाऱ्यांनी दोन आठवडे हातचे धरावेत.

"फाइल कर्व्ह करून द्या" असं बहुतेक ठिकाणी सांगतात. कर्व्ह केलं की अक्षर अक्षर राहत नाही, चित्र होतं. फॉन्ट हरवण्याची भीती जाते हे खरं, पण शेवटच्या क्षणी एक मात्रा सुद्धा बदलता येत नाही, आणि डिजिटल मशीनवर छोटी अक्षरं किंचित जाड येतात. फॉन्ट आत घातलेली पीडीएफ चालते का ते आधी विचारा. कर्व्ह करावंच लागलं तर मूळ फाइल वेगळ्या नावानं जपून ठेवा. मी एकदा तिच्यावरच सेव्ह केलं होतं.

पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवा, म्हणजे पूर्ण फर्मे, सोळा-सोळा पानांचे गट, होतात. एकशे बारा म्हणजे बरोबर सात. पहिला फर्मा मशीनवर चढेल तेव्हा शक्य असेल तर स्वतः जा. मशीन सुरू झाल्यावर दहा-वीस ताव रद्दी जातात, त्यांच्या पुढचा एक ताव उचला, खिडकीशी न्या आणि भिंगानं चारच गोष्टी बघा: छोट्या 'ई'ची आडवी रेघ, नावांवरच्या नागमोडी रेघा, रुपयाचं चिन्ह आणि पायांभोवती रंगीत किनार आहे का. काही चुकलं असेल तर मशीन थांबवायला तिथेच सांगा, पुढच्या तासाभरात हजार ताव निघालेले असतात.

काम संपल्यावर फॉन्ट, परवाना, मूळ फाइल, अंतिम पीडीएफ आणि कसोटीचं ते छापील पान एका पाकिटात घालून वाचनालयाच्या कपाटात ठेवा, पाकिटावर आकार आणि ओळींमधलं अंतर लिहून. आमच्याकडे असं पाकीट आता आहे. पंचावन्नाव्या वर्षाची समिती बसली तेव्हा लॅपटॉप तिघांकडे होता, तरी पाकीट माझ्याच हातात दिलं.